रेक्झिनच्या आत

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. पदवीचा डॉक्टर नाही, पण पाटोद्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मला सगळे डॉक्टरच म्हणतात. व्यालेल्या गाईचा अडकलेला जार काढायला हात खांद्यापर्यंत आत घालतो, अळ्या पडलेल्या जखमा बोटांनी साफ करतो आणि साबणानं हात धुऊन तिथेच भाकरी खातो. मला कशाचीच किळस येत नाही असं घरातले समजत. मीही तसंच समजत होतो.

मामांची जुनी मोटारसायकल माझ्याकडे आली ती मामा गेल्यावर. मामी म्हणाल्या, "तूच ने बाबा, इथं पत्र्याखाली गंजून जाईल." तिचं इंजिन अजून एका किकला बोलायचं. पण सीट म्हणजे नुसता पाट. बालाघाटाच्या त्या दगडी रस्त्यांवरून दिवसभर फिरून आलो की माकडहाडात कळ निघायची. रात्री एका कुशीवर झोपायचो. बीडच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गाडी बदला." ती बदलायची नव्हती, म्हणून मी सीट बदलायची ठरवली.

पाटोद्याच्या बाजारात सीटवाल्याचं दुकान आहे. जीप, ट्रॅक्टर, सोफे, सगळ्याला तो कव्हर चढवतो. त्यानं माझ्यासमोर जुनं रेक्झिन फाडलं. आतला काथ्या कुजून भुसा झाला होता आणि त्यात उंदराचं घरटं, शिवाय पापडासारखा चपटा झालेला एक उंदीर. सीटवाल्यानं तो चिमटीत उचलून गटारात टाकला, मागोमाग गुटख्याची पिंक टाकली आणि तोच हात फोमवरून फिरवत म्हणाला, "दाबून बघा डॉक्टर. बाहेरचा माल हाय. गादीवर बसल्यागत वाटंल."

गादीवर बसल्यासारखंच वाटलं. दोन-तीन आठवडे मी खूश होतो.

मग ऊन तापलं आणि वास यायला लागला. आंबूस, औषधी, त्यात काहीतरी गोडसर सडलेलं. शेणामुताचा वास मला ओळखीचा. हा तसला नव्हता. तरी मी स्वतःवरच संशय घेतला. बूट धुतले, औषधांची पिशवी उकळत्या पाण्यातून काढली, कडुनिंबाचा पाला घालून अंघोळ केली. वास पुन्हा आलाच.

त्याच दिवसांत आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याकडे माझं जाणं-येणं होतं. त्यांच्या गोठ्यात विकतच्या मोठ्या गाई होत्या आणि त्या सारख्या आजारी पडायच्या. गावात त्यांना सगळे मालक म्हणत. मी बैठकीत चहाला बसलो तेव्हा त्यांच्या घरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मालक चार माणसांसमोर हसत म्हणाले, "डॉक्टर, गाईच्या पोटात राहता का घरी बी जाता कधी?" सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या खेपेला माझा चहा बाहेर ओट्यावर आला, स्टीलच्या वेगळ्या पेल्यात. तो पेला कुणासाठी ठेवलेला असतो हे मला माहीत होतं. मी चहा प्यायलो आणि दिवसभर तोंड कडू राहिलं.

शेवटी छडा लावला बायकोनं. कपडे धुताना ती बाहेर आली, हातात माझी पँट.

"आवं, हे जनावराचं न्हाई. सदऱ्याला वास न्हाई. नुसता बुडाला हाय."

ती तशीच गाडीपाशी गेली. गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. तिनं वाकून सीटचा वास घेतला आणि हौदावर जाऊन चूळ भरली.

मी कटरनं शिवण उसवली. आत एकसंध फोम नव्हता. वेगवेगळ्या गाद्यांचे काप एकावर एक चिकटवले होते. प्रत्येकावर तपकिरी डाग, एकात एक वर्तुळं पडलेली. एका कापाला गादीच्या खोळीचा निळा पट्टा चिकटून राहिला होता, त्यावर खाटेचा नंबर. गाडी धुताना पाणी आत मुरून सगळं ओलसर झालं होतं, बोट दाबलं की पिवळट पाणी वर यायचं. आणि मधल्या खड्ड्यात भरीला कापसाचा बोळा कोंबलेला. बोळ्याला चिकटपट्टी, चिकटपट्टीला केस.

कोण त्यावर झोपलं असेल, कशानं आजारी, घरी गेलं की नाही, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी हौदापर्यंतही पोहोचलो नाही. वाटेतच ओकलो. बायको माझ्याकडे बघतच राहिली. लग्नापासून तिनं मला कधी ओकताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते सगळं पोत्यात भरून मी सीटवाल्याकडे गेलो आणि त्याच्या दारात ओतलं.

"हे काय हाय?"

त्यानं शांतपणे बघितलं. "दवाखाना बंद पडला एक. त्याच्या गाद्या निघाल्या. चांगला माल हाय की."

"धुतल्या होत्या का?"

"धुवायला कोण बसतंय? उन्हात टाकलत्या."

"अरे, रक्त हाय त्याच्यावर!"

"वरून रेक्झिन हाय ना? आत कोण बघतंय? तुमी फाडून कावून बघितलं?"

तो चिडला होता, पण स्वतःवर नाही, माझ्यावर. त्याच्या लेखी वाईट काम मी केलं होतं, चांगली शिवलेली सीट फाडण्याचं. मग आवाज उतरवून म्हणाला, "मालकांचा सोफा बी ह्यातलाच हाय. ते काय म्हणले न्हाईत."

मला वाटलं, हे मालकांना सांगायलाच हवं. गाय बघायला गेलो तेव्हा सांगितलं. ते त्याच सोफ्यावर मांडी घालून बसले होते. त्यांची लहानगी नात शेजारी पालथी झोपली होती, गाल सोफ्याला चिकटलेला, तोंडातून लाळ गळत होती. मालकांनी ऐकून घेतलं. सोफ्यावर दोनदा हात थोपटला.

"मला तर वास येत न्हाई."

"मालक, पोरगी झोपलीय त्यावर."

"डॉक्टर," ते हळू म्हणाले, "त्या गाद्या आमच्या पुतण्यानंच बाजारात दिल्यात. उगं कुठं बोलू नका." आणि लगेच मोठ्यानं, "बसा की. ओट्यावर कावून? इथं बसा, चहा घ्या." सोफ्यावर त्यांनी सरकून जागा केली.

मी म्हणालो, गाय थांबलीय. गोठ्यात जाऊन शेणात उकिडवा बसलो तेव्हा कुठे मला श्वास घेता आला.

सीट मात्र हवीच होती. पुन्हा कुणाच्या हाती द्यायची माझी छाती नव्हती. मेंढपाळांच्या घोड्यांच्या पाठी मी बऱ्याचदा बघतो. ओझं हाडावर टेकलं की तिथे फोड येतो, मग जखम चिघळते. पाठीच्या कण्यावर पोकळी राहील अशी घोंगडीची घडी घातली तर घोडा कितीही चालतो. माझं माकडहाडही तसंच, असा विचार केला. अंगणात चिखलाचा जाड थर पसरला आणि त्यावर बसलो. बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. चिखलात दोन खोल खळगे उमटले आणि मध्ये उंचवटा. तेच माप.

बीडहून कोरा फोम आणला, वेष्टनातला, मी स्वतः हुंगून घेतलेला. पुढचं टोक तासून निमुळतं केलं, म्हणजे पाय नीट टेकतील. बसायची जागा रुंद आणि थोडी खाली, मागे हलका उठाव, आणि मधोमध आरपार चर. लिंबागणेशकडच्या एका मेंढपाळानं जुनी घोंगडी दिली. बायकोनं ती गरम पाण्यात धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. मी पुरे म्हटलं तरी ऐकेना. घोंगडीचा एक थर फोमवर, त्यावर जाड कापडी कव्हर. रेक्झिन मी घरात येऊच दिलं नाही. कव्हर तिनं दाभणानं शिवलं. शिवण वाकडी आहे, एका कोपऱ्याला चुणी पडते. पण घाटनांदूरला जाऊन आलो आणि गाडीवरून उतरताना कंबरेला हात लावावा लागला नाही.

हे झालं आणि मी सगळं विसरायच्या बेतात होतो. तेवढ्यात गावातल्या ग्रुपवर एक फोटो आला. मालकांनी नवा सोफा घेतला होता आणि जुना अंगणवाडीला भेट दिला होता. सोफ्याला झेंडूचा हार घातलेला. मालक हात जोडून उभे. खाली लोकांनी अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ पाठवलेले. मी तो फोटो बायकोला दाखवला. ती म्हणाली, "आता काय बघत बसलाव? जावा की."

अंगणवाडीच्या ताईंना मी सांगितलं. त्या घाबरल्या. "मालकांनी दिलेलं हाय, डॉक्टर. मी कशी बाहेर काढू? उद्या माझं काम गेलं तर?"

दोन मुली त्या सोफ्यावर बसून खिचडी खात होत्या. एकीच्या हातातून शितं सांडली, ती तिनं रेक्झिनवरून वेचून तोंडात टाकली. मी तिला उठवलं, खिशातून कटर काढला आणि बैठकीला उभी चीर दिली. ताईंनी आत पाहिलं. मग त्याच पुढे झाल्या, पदर खोचला आणि एका बाजूनं सोफा उचलला. "धरा तिकडून," म्हणाल्या. आम्ही तो नाल्याच्या कडेला नेऊन पेटवला. काळा, चिकट धूर गावावर पसरला, आणि ज्यांच्या नाकात गेला त्या सगळ्यांनी कुणी पेटवलं हे विचारलं.

ताईंचं काम गेलं नाही. मालकांनी मला बोलावणं मात्र बंद केलं. त्यांच्या गाईंना आता दुसरीकडून डॉक्टर येतो. बाजारात समोर आले तर ते नमस्कार घेतात, पण बोलत नाहीत. सीटवाल्याचं दुकान जोरात चालू आहे. परवा त्याच्या दारात लग्नाच्या हॉलच्या खुर्च्या रांगेनं मांडल्या होत्या, लाल मखमलीच्या, नव्या कोऱ्या दिसणाऱ्या. दुकानाबाहेर पोत्यांत काय भरलंय ते बघायला मी थांबलो नाही.

हल्ली कुणाच्या घरी गेलो की मी उभ्यानंच चहा घेतो. लोकांना वाटतं, डॉक्टरला लई घाई असते.