गळवाली

आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळणारी जी बाई होती, तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की गळवाली. मासे पकडायचा गळ असतो ना, तो. नाव ठेवणाऱ्यांत मी होते, हे आधीच सांगून टाकते.

ती आली आणि दुसऱ्याच महिन्यात आम्हा सगळ्यांना एक मेल आली. ‘तुमच्या शिल्लक रजा रद्द होत आहेत, खाली दाबून तपासा.’ सत्तरपैकी चाळीस जणांनी दाबलं. दाबल्यावर पडद्यावर आलं, ‘ही चाचणी होती. खरी फसवी मेल असती, तर तुमचा पासवर्ड आत्ता चोराकडे असता.’ दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मशीनशेजारच्या भिंतीवर चाळीस नावांची यादी लागली. सगळ्यांत वर काउंटरवरच्या मुलीचं नाव होतं, कारण तिनं दोनदा दाबलं होतं. ही मुलगी म्हणजे गळवालीची सख्खी धाकटी जाऊ. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या.

“घरात ‘अगं, अगं’ करतात आणि इथं मला भिंतीवर टांगतात,” ती मला म्हणाली. घरी तिनं मोठ्या जावेशी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी नवऱ्याकरवी निरोप धाडायची.

लॅबमध्ये आम्हीही कसर ठेवली नाही. चहा आला की तिच्या टेबलाला वगळून फिरायचा. ती जेवायला बसली की बाक रिकामा व्हायचा. कोणीतरी तिच्या दारावर खराखुरा गळ चिकटवला, त्याला रबराचा किडा लावून. तिनं तो काढला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पुढच्या महिन्यात नवी मेल पाठवली. पुन्हा यादी लागली. असं वर्षभर चाललं. मला तिचा इतका राग होता, की ती जिन्यात दिसली तर मी लिफ्टची वाट बघत उभी राहायचे.

एका मंगळवारी सकाळी कुरिअर कंपनीच्या नावानं मेल आली. ‘नमुन्यांची पेटी अडकली आहे, पत्ता पक्का करण्यासाठी पासवर्ड टाका.’ पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. मला ते लगेच दिसलं. मी शेजारणीला म्हटलं, “आला बघ बाईंचा नवा गळ.” दोघी हसलो, मेल पुसली आणि कामाला लागलो.

अकरा वाजता रिपोर्ट उघडेनात. एकेका पडद्यावर कुलपाचं चित्र आणि खाली पैसे मागणारी धमकी. गळवाली खोलीतून पळत आली आणि दिसेल त्या मशीनची तार उपटत सुटली. “काय झालंय?” मी विचारलं. “आधी तार काढा, मग बोला,” ती माझ्यावर ओरडली.

तीन दिवस आम्ही रिपोर्ट हातानं लिहिले. काउंटरवर एक माणूस जावेला नको नको ते बोलला. त्याच्या आईला ऑपरेशनला घ्यायचं होतं आणि रिपोर्ट अडकला होता.

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. “कोणी दाबलं ते कळलं पाहिजे. तो माणूस आजच घरी जाईल.”

सगळ्यांच्या माना जावेकडे वळल्या. माझीही.

“मी नाही,” ती म्हणाली. कोणाचाच विश्वास बसला नाही.

“सर, दोन मिनिटं आत येता का?” गळवाली म्हणाली.

“आत कशाला? जे आहे ते इथंच बोला.”

“ठीक आहे. तुमच्या खात्यावरून पासवर्ड गेलाय. नऊ चाळीसला.”

डॉक्टर दाराकडे वळले, पण ती थांबली नाही.

“पडदा विचित्र दिसला म्हणून तुम्ही कॉम्प्युटर बंद करून निघून गेलात. तेव्हाच मला सांगितलं असतंत, तर एकच तार काढून भागलं असतं.” मग ती आमच्याकडे वळली. “ही मेल खोटी आहे हे कोणाकोणाला कळलं होतं?”

अकरा हात वर झाले. एक माझा.

“मला कळवलं कोणी?”

“आम्हाला वाटलं, तुमचीच आहे,” मी म्हणाले.

तिनं खाली पाहिलं. “मग यात माझीही चूक आहे.”

“आता साहेबांचं नाव लावा भिंतीवर,” जाऊ म्हणाली. एवढ्या महिन्यांत ती तिच्याशी सरळ पहिल्यांदा बोलत होती.

“नाही लावणार. तुझंही लावायला माझा विरोध होता. नावं लावली की लोक लपवतात, हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“आणि मला?”

“तुला नाही सांगितलं. साहेबांच्या माघारी बोलायचं नाही, असं ठरवलं होतं.”

“शहाणपणाच केलात, ताई,” जाऊ म्हणाली आणि काउंटरवर निघून गेली.

यादी गळवालीनं स्वतः फाडली. महिन्याभरात डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर बाहेरचा एक माणूस आणून बसवला आणि तिची खोली मागे, रिकाम्या खोक्यांच्या गोदामाला लागून दिली. ती राजीनामा देईल असं त्यांना वाटलं असावं. तिनं दिला नाही.

तिला आता आठवड्याला वीसेक मेल येतात, संशय आला म्हणून आम्ही पुढे पाठवलेल्या. ती प्रत्येकीला उत्तर देते. सगळ्यांत जास्त जाऊ पाठवते, वर एकच ओळ लिहून, ‘ही तुमची की चोराची?’ घरी त्या अजून फारशा बोलत नाहीत. परवा मी चहाचा कप घेऊन त्या मागच्या खोलीत गेले. तिनं कप घेतला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “काही दाबलंत का?” मी नाही म्हटलं. “मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. ‘बसा’ म्हणाली नाही.