तीन महिने बोलायचं नाही

“ह्या मॅडमला लेकरं हायती का गं?”

“न्हाईत वाटतं. इचारायचं धाडस कुणाला हाय?”

वाईच्या पोलीस ठाण्यात, माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर झालेलं हे बोलणं मला आजही जसंच्या तसं आठवतं. विचारणारी एका तरुण सुनेची सासू होती, उत्तर देणारी आमची महिला हवालदार. मी आत उपनिरीक्षकाच्या खुर्चीत होते. ऐकू आलं नाही असं दाखवून मी सासूसुनेला आत बोलावलं. नोकरीत मी फार वर्षं काढली नाहीत, वर्दी लवकर उतरवली. पण ऐकू न आल्याचं दाखवणं तिथे चांगलं शिकले.

खबर एका डॉक्टरबाईंनी दिली होती. ही सून त्यांच्याकडे ‘तीन महिन्यांचं पडतंय’ म्हणत आली. तपासणीत गर्भ राहिल्याची कसलीच खूण सापडली नाही. आधीही एक बाई अशीच येऊन गेली होती. दोघींनी उपचार घेतले होते ते एकाच माणसाकडून.

तो सांगलीचा. दर गुरुवारी वाईत एका भाड्याच्या खोलीत बसायचा. पाटीवर पदव्या भरपूर; प्रत्यक्षात पूर्वी कुणाच्या तरी दवाखान्यात कंपाउंडर. तो असं इंजेक्शन द्यायचा, की घरच्या चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटायच्या. सोबतच्या गोळ्यांनी पाळी लांबायची. मग सांगायचा, “तीन महिने कुणाला बोलायचं नाही. दुसरीकडे सोनोग्राफी करायची नाही.” आपल्याकडे तसंही तीन महिने पोटातलं कुणी बाहेर बोलत नाही, नजर लागते म्हणतात. तिसरा महिना संपत आला की तो गोळ्या बंद करायचा. अंगावरून जायला लागलं की बाई समजायची, पडलं. आणि पडलेलं तर त्याहून बोलायचं नसतं.

खोलीवर छापा घातला, पंचनामा केला. मुद्देमालात एका बाईनं त्याला दाखवायला आणलेली पट्टी होती. दोन ठळक रेघांची. पाकिटाला सील लावताना मला त्या पट्टीचा हेवा वाटला.

चौकशीत घाबरलेला माणूस पाणी मागतो. यानं चहा मागितला.

“मॅडम, त्यांच्या घरात तेवढे दिवस दिवाळी असायची. मी काय वाईट केलं? आणि फिर्याद देणार कोण? एक बाई आणून दाखवा.”

त्याचा हिशेब बरोबर होता. विनापरवाना दवाखान्याचा गुन्हा सरकारतर्फे दाखल झाला असता; पण जामिनावर सुटून पुढच्या गुरुवारी तो शेजारच्या खंडाळ्याला बसला असता. फसवणूक सिद्ध करायला फसलेली बाई हवी. पहिल्या बाईनं आमचा फोन उचलणंच बंद केलं. उरली ही सून.

सासूबाई तावातावानं म्हणाल्या, “लिवा मॅडम! त्या मुडद्यानं माझं नातवंड पाडलं. लय मोठी शिक्षा करा त्याला.”

असा जबाब कोर्टात एक दिवसही टिकला नसता. सून फरशीकडे बघत होती. मी हवालदारबाईंना खूण केली. त्या सासूबाईंना चहाला घेऊन गेल्या.

“डॉक्टरबाईंनी तुम्हाला सगळं सांगितलंय ना?” मी विचारलं.

“सांगितलंय. काय नव्हतंच.”

“मग तेवढंच सांगा.”

“आन् आत्याबाईंना काय सांगू?” सासू गेली त्या दाराकडे बघत तिनं मान वर केली. “लगीन झाल्यापासनं मला कुणी बारशात पाळण्याला हात लावू दिला न्हाई. परवा जावंच्या बाळाच्या बारशाला आत्याबाईंनी सोताहून पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली. समद्या बायकांत म्हणाल्या, हिला राहिलं हुतं, परत राहील. मॅडम, माझ्याजवळ तेवढंच हाय. तुमी ते बी काढून घेणार व्हय?”

मी कोऱ्या कागदावर समास आखत बसले.

त्या वर्षी मीही पुण्याला जाऊन इंजेक्शनं घेत होते. ठाण्यात कामाचं निमित्त सांगायचे. दर महिन्याला न्हाणीघरात ती पट्टी उजेडाकडे तिरकी धरायची, एका रेघेशेजारी फिकट का होईना, दुसरी दिसते का बघायचं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. डॉक्टरांशी मी इंग्रजीतच बोलायचे; त्या भाषेत ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वाटायचं. आपल्या भाषेत, आपल्या तोंडानं, मी ते आईलाही सांगितलं नव्हतं. तीन महिने भरल्यावर सांगू, असं ठरवलं होतं.

त्या दुपारी सुनेनं जबाब दिला, सासूसमोर. काही लपवलं नाही. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “लिवा. ती सांगती तसंच लिवा.” निघताना सुनेच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली. पुढे फोन न उचलणारी बाई आली, तिच्यामागून आणखी काही आल्या. दोषारोपपत्र भक्कम झालं. त्या माणसाच्या खोलीला साधी कडी होती; त्याला खरं कुलूप आम्ही बायकांनी न बोलून पुरवलं होतं. या केसनं मला एवढंच शिकवलं.

फिर्यादी कशी तयार झाली, असं साहेबांनी तेव्हा विचारलं होतं. कागदावर उत्तर आहे: ‘विश्वासात घेऊन विचारपूस केली.’ घडलं ते असं. सासूबाई चहा पिऊन आत आल्या, सुनेनं पुन्हा मान खाली घातली. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले,

“मावशी, मघाशी तुम्ही बाहेर विचारत होतात, मला मुलं आहेत का. नाहीत. मला एकदाही राहिलं नाही.”