उतरतं झाकण

कन्हेरीला आमच्या घरी सोलरचे दिवे आले, तेव्हा बॅटरीला लाकडी पेटी करायला एक मिस्त्री आला. त्याची एक भुवई अर्धीच होती. पेटी माझ्या लेकीच्या पाळण्याशेजारी बसणार होती. त्यानं वरच्या अंगाला भोकं पाडली, प्रत्येकात फुंकर मारून बघितली आणि झाकण उतरतं लावलं.

"मिस्त्री, झाकण वाकडं झालंय," सासूबाई म्हणाल्या.

"मुद्दाम केलंय, मावशी. सपाट दिसलं की बाया वर गोधड्या रचत्यात. भोकं बुजली की बॅटरीतनं निघणारा गॅस आत कोंडतो. मग ठिणगीनं भडका उडतो."

"असं कुठं झालं व्हय?"

"आमच्याच घरी."

मी दारात गोधड्यांची चळत घेऊनच उभी होते. त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं आणि स्क्रू पिळत राहिला. मी आल्या पावली मागं फिरले.