बसत नाही, काकू

"बसत नाही काकू, बिल्कुल टाइम नाही," असं म्हणून ती माझ्या दाराच्या चौकटीला खांदा टेकवायची आणि तशीच तास-दीड तास उभी राहायची. पाठीवर सॅक, एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा. तेवढ्या वेळात दोन थालीपिठं, वाटीभर दही आणि माझ्या ऑफिसातल्या दिवसभराच्या भानगडी एवढं सगळं उभ्याउभ्या संपलेलं असायचं. तुमच्याही शेजारात असं कुणी असेल. ज्यांना कधीच वेळ नसतो, तीच माणसं आपल्याला सगळ्यात जास्त वेळ देतात.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती आणि तिचे बाबा माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. बाबा मूळचे सांगलीकडचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आई गावी, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांपाशी. दिल्लीला वर्षातून दोनदा यायची. मी एका सरकारी कार्यालयात अनुवादक, एकटीच राहणारी. त्यामुळे वरच्या मजल्यावरची ही मुलगी शाळेत असल्यापासून माझ्याकडे येत-जात वाढली.

दिल्लीत वाढल्यामुळे तिचं मराठी मजेशीर होतं. एकदा मी म्हटलं, "अगं, डिस्पेन्सरीत तासभर ताटकळले."

"कुठे लटकलात?" तिने काळजीने विचारलं.

इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेऊन तिचं पहिलं वर्ष संपलं, तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी ती दारात उभी राहिली, पण थालीपिठाकडे तिचं लक्ष नव्हतं.

"काकू, तुमचा पत्ता देऊ का एका ठिकाणी? माझी काही बुक्स येतील पोस्टाने."

"तुझ्या घराचा पत्ता काय झाला?"

"तिथे बाबा असतात."

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. दहावीपर्यंत तिला इतिहास, समाजशास्त्र असलं वाचायची ओढ होती. बाबांनी सायन्स म्हटलं, तिने सायन्स घेतलं, आणि गंमत म्हणजे यंत्रंही तिला मनापासून आवडायला लागली. पण पहिली ओढ काही गेली नाही. आता एका वेळी दोन पदव्या करता येतात हे कळल्यावर तिने गुपचूप दूरशिक्षणाचा बी.ए.चा फॉर्म भरून टाकला होता.

"नियमात बसतं काकू. एक रेग्युलर, एक डिस्टन्स. मी सगळं वाचलंय."

"मग बाबांना सांग की."

"बाबांच्या नियमात नाही बसत ना!"

ते खरं होतं. तिच्या बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "एकच करायचं, पण नीट." भाजी एकच, बूट एकच जोड, वर्तमानपत्र एकच. मी पत्ता दिला. दिला तेव्हा चूक की बरोबर, याचा फार विचार केला नाही हे कबूल करते. माझ्या कपाटातल्या साड्यांचा एक खण रिकामा झाला आणि तिथे समाजशास्त्राची पुस्तकं राहायला आली.

ती अभ्यास कुठे करायची म्हणाल तर मेट्रोत. जाताना यंत्रं, येताना माणसं, अशी तिची वाटणी होती. पण वाटण्या कागदावरच नीट राहतात. पहिल्याच बी.ए.च्या परीक्षेत एकत्र कुटुंबावर प्रश्न आला, तर या बाईने उत्तरात आकृती काढली. मधोमध एक चौकोन, त्यात 'सून', आणि चारी बाजूंनी तिच्यावर येणारे बाण: सासू, नवरा, नोकरी, नणंद. कुठल्या बाणाचा जोर किती, तेही लिहिलं. घरी येऊन मला ते सांगताना स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

"गेलं काकू, फेल होणार मी."

त्या पेपरात तिला सगळ्यात जास्त मार्क पडले. तपासणारीही कुणाची तरी सून असणार.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग तिसऱ्या वर्षानंतर तिची इंटर्नशिप आली. मानेसरच्या एका कारखान्यात, जिथे गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनायचे. सकाळी घराजवळच्या आयएनए स्टेशनहून मेट्रो, शेवटच्या स्टेशनवर उतरून शेअर ऑटो. ऑटोत कारखान्यातल्याच बायका असायच्या. बी.ए.लाही एक प्रकल्प करायचा होताच. तिने विषय घेतला, यंत्रावर काम करणाऱ्या बायकांचा दिवस. ऑटोत मांडीवर वही ठेवून ती त्यांच्याशी गप्पा मारायची. त्यांतल्या एकीचं नाव मी रोज ऐकायची, सुनीतादीदी. बिहारहून आलेली, पत्रा दाबून आकार देणारा मोठा प्रेस चालवायची आणि डब्यातली बटाट्याची भुजिया हिला बळेबळे खायला घालायची.

एके दिवशी दुपारी चारलाच ती घरी आली. मी रजेवर होते. दार उघडलं, तर सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत मी तिला माझ्या घरात बसलेलं पाहिलं नव्हतं. मी घाबरलेच.

"सुनीतादीदीची दोन बोटं गेली, काकू. उजव्या हाताची. मी तिथेच होते."

मी पाणी दिलं. ते तिने हातात नुसतं धरून ठेवलं. मग सांगायला लागली. त्या प्रेसच्या तोंडाशी अदृश्य प्रकाशाचा एक पडदा असतो. त्यात हात आला की यंत्र आपोआप थांबतं. तो पडदा चावीने बंद करून ठेवलेला होता. कारण तो उगाचच, हात नसतानाही, मशीन थांबवायचा आणि दिवसाचा माल कमी पडायचा. अपघातानंतर सुपरवायझरने हिला बोलावून घेतलं. इंटर्नशिपचा तिचा अहवाल त्याच प्रेसवर होता.

"म्हणाला, 'रिपोर्ट में ऑपरेटर की लापरवाही लिख दो, बेटा. सर्टिफिकेट परसों ले जाना.' चूक दीदीची असं लिहिलं तर तिला कामावरून काढतील. नाही लिहिलं तर मला सर्टिफिकेट नाही, आणि कॉलेज सेमिस्टर धरणार नाही."

"तू काय ठरवलंयस?"

तिने सॅकमधून दोन वह्या काढल्या. एक इंजिनिअरिंगची, एक बी.ए.ची. "काकू, पडदा बंद असतो हे मला मशीन बघून नाही कळलं. या बायकांनी सांगितलं. नवीन तेल भरलं की तो जास्त थांबवतो, हेसुद्धा त्यांनीच सांगितलं. मग मी जाऊन पाहिलं. पत्र्यावर तेल फवारतात, त्याचे बारीक थेंब पडद्याचा प्रकाश सोडणाऱ्या काचेवर बसतात आणि मशीनला वाटतं हात आला. बस, एवढंच! तो थोडा मागे सरकवला आणि मध्ये एक पत्र्याची पट्टी लावली की झालं. बंद करायची गरजच नाही." मग तिने वही मिटली. "मला हे आठ दिवसांपासून माहीत होतं. मी रिपोर्ट पूर्ण झाल्यावर सांगणार होते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हटलं, "हे बाबांना दाखव. तीस वर्षं फायली लिहिणारा माणूस आहे तो."

"मग बी.ए.पण सांगावं लागेल."

"सांग. मी असेन."

त्याच संध्याकाळी तिच्या बाबांना मी खाली चहाला बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, आधी इंजिनिअरिंगच्या वहीत तिने तोवर लिहिलेला कच्चा अहवाल वाचला, मग दुसरी वही वाचली. मग त्या दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर परत आले. तिथे तिचं नाव होतं, बी.ए.चा नोंदणी क्रमांक होता.

"हे कधीपासून?"

"दोन वर्षं होतील, बाबा."

"पुस्तकं कुठे आहेत?"

तिची नजर माझ्या कपाटाकडे गेली. त्यांनीही तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ताई, तुम्हीसुद्धा?"

इतकंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला त्या वेळी खरोखर लाज वाटली. त्या माणसाने आपल्या घराच्या कुलपाची एक किल्ली विश्वासाने माझ्याकडे ठेवलेली होती.

चहा थंड झाला. त्यांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, आता काहीतरी फाडणार, खोडणार. त्यांनी खोडलेच, पण दोन शब्द.

"'मला वाटतं' हे काढ. कुणाला काय वाटतं ते कागदावर चालत नाही. तू काय पाहिलंस, किती वाजता पाहिलंस, ते लिही. अपघात खाली. आधी पडदा का बंद होता ते. त्याच्यावर उपाय. मग अपघात."

ती मान खाली घालून लिहायला लागली.

"आणि या बायकांची नावं का घातलीस?"

"त्यांनीच तर सांगितलं, बाबा. क्रेडिट त्यांचं आहे."

"त्यांची नोकरीसुद्धा त्यांचीच आहे. विचारलंस का त्यांना, लिहू का म्हणून?"

तिने विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मानेसरच्या स्टँडवर जाऊन एकेकीला विचारून आली. दोघी नको म्हणाल्या, बाकीच्या म्हणाल्या नाव सोडून काहीही लिही. सुनीतादीदी तेव्हा दवाखान्यात होती, तर तिथेही जाऊन आली. दीदी म्हणाली, "मेरा नाम लिख दे, बिटिया. मेरा तो जो होना था हो गया."

अहवालाच्या शेवटी बाबांनी स्वतः एक ओळ सांगितली. प्रत माहितीसाठी, कॉलेजचे विभागप्रमुख आणि कारखाने निरीक्षक. "ही ओळ असली की कागद हरवत नाही," असं म्हणाले आणि कितीतरी वेळाने पहिल्यांदा थोडे हसले. वर जाताना जिन्यात थांबले. "समाजशास्त्र म्हणजे हे असतं होय?" तिला विचारत होते की स्वतःला, कोण जाणे.

सर्टिफिकेट मिळालं नाही. अहवाल दिल्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. कॉलेजात विभागप्रमुख अहवाल चांगला आहे म्हणाले, पण सर्टिफिकेटशिवाय सेमिस्टर धरता येत नाही असंही म्हणाले. वर्गातली मुलं पुढे गेली. ही सहा महिने मागे राहिली आणि दुसऱ्या एका ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून इंटर्नशिप केली. त्या दिवसांत तिची चिडचिड व्हायची, चेहरा उतरायचा, हे मी लपवणार नाही. "बरोबर केलं ना मी, काकू?" असं ती पुनःपुन्हा विचारायची, आणि मी हो म्हटलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही.

चार-पाच महिन्यांनी सुनीतादीदीचा फोन आला, तेव्हा ती माझ्याच दारात होती. स्पीकरवर लावला. दीदीला कामावरून काढलं नव्हतं. आता ती पॅकिंगला होती. "और सुन, वो परदा पीछे कर दिया है. पट्टी भी लगा दी. चाबी ही निकाल ली." हे कुणी केलं, का केलं, कुठल्या कागदामुळे झालं, कुणीच सांगितलं नाही. अहवालाचा उल्लेख तर नाहीच. फोन ठेवल्यावर तिने चौकटीवर डोकं टेकवलं आणि खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली, "दही आहे का?"

पुस्तकं माझ्या कपाटातून वर गेली ती बाबांनी स्वतः नेली. दोन फेऱ्यांत, छातीशी धरून. पुढे बी.ए.चा निकाल आधी लागला. बाबा पेढे घेऊन खाली आले आणि कुणीही न विचारता म्हणाले, "जी पदवी मला माहीत नव्हती तीच आधी हातात आली बघा." संध्याकाळी डिस्पेन्सरीजवळच्या बाकावर ते आपल्या मित्रांना समाजशास्त्र समजावून सांगताना मी ऐकलंय. बरंचसं चुकीचं, पण अभिमानाने.

इंजिनिअरिंगची पदवी मिळाल्यावर तिला पुण्याजवळ चाकणच्या एका कारखान्यात कामगारांच्या सुरक्षिततेचं काम मिळालं. तिला सोडायला आम्ही दोघं निजामुद्दीन स्टेशनवर गेलो. बाबांनी सामान सीटखाली नीट लावलं, चेनने बांधलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग खाली येऊन आम्ही खिडकीपाशी उभे राहिलो.

आत तिच्या समोर एक म्हातारी बाई बसली होती. तिच्या डोक्यावरच्या बर्थची साखळी सैल लोंबत होती. आमची मुलगी सीटवर चढली, साखळीचा आकडा उलटसुलट करून पाहायला लागली, आणि पाहता पाहता त्या बाईला विचारायला लागली, कुठल्या तुम्ही, एकट्याच निघालात का, रोज कोण असतं सोबतीला. बाई खुलून बोलत होती. ही मान डोलावत होती, आकडा घट्ट करत होती. गाडीने धक्का दिला, हलली. आम्ही दोघांनी हात वर केले.

खिडकी पुढे सरकत गेली. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

"तिच्या लक्षातच नाही आलं," मी म्हटलं.

"असू दे," बाबा म्हणाले. त्यांचा हात अजून वरच होता. "कामात आहे."