कुणाच्याच नावावर नसलेला हिस्सा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? प्रोसेसर, डेटाबेस... ती म्हणेल, एवढंच ना? एवढंच. म्हणूनच तर इतकी वर्षं दडपता आलं.

गुजरातेत, पर्वत पाटिया भागात आमचं ऑफिस. कापडाच्या व्यापाऱ्यांचा कारभार आमच्या सॉफ्टवेअरवर चाले. बिलांचा, मालाच्या साठ्याचा आणि पार्सलांचा, असे तीन डेटाबेस एकाच सर्व्हरवर कोंबलेले. वेगळा सर्व्हर घ्या म्हणून मी किती डोकेफोड केली! दुपारी पार्सलं सुटायच्या वेळी सगळं ठप्प, आणि फोनवर शिव्या खायला मी. शेवटी शेठ भडकले. "कोण खाय छे प्रोसेसर? एक नाम आपो."

नाव असं मिळत नसतं हो! सर्व्हर फक्त झालेल्या कामांना लागलेला वेळ सांगतो. तो डेटाबेसवार जोडायचा आणि अंदाज बांधायचा. त्यातही थोडा हिस्सा असा उरतो, जो कुणाच्याच नावावर लागत नाही. आमच्याकडे नेमका तोच सगळ्यांत मोठा निघाला.

तो कुणाचा, हे मला ठाऊक होतं — इथंच माझी जीभ अडते. शेठना सतत ताजी विक्री दिसावी म्हणून मी मोठ्या तोऱ्यात एक रिपोर्ट बनवला होता. तो दिवसभर तिन्ही डेटाबेस उपसत राहायचा. हिस्सा माझा होता. एवढं बोलायला काय लागत होतं? पण मी तो पार्सलांच्या डेटाबेसात मिळवला आणि शेठना नाव दिलं — उज्ज्वलाचं.

उज्ज्वला जवळच्याच डिंडोलीची, वडील कापडाच्या लूमवर कामाला. ऑफिसात सगळ्यांशी गुजराती बोलायची, माझ्याशी मात्र अहिराणी, कारण तिचं घर मूळचं आमच्याकडचं आणि मी धुळ्याचा. पार्सलांचं सगळं काम तिनं एकटीनं उभं केलं होतं. शेठनी ते काढून घेतलं आणि तिला तक्रारींच्या फोनवर बसवलं.

"भाऊ, मनं काय चुकनं?" तिनं विचारलं.

आणि मी काय केलं? तिच्या शेजारी बसून, तिच्या चोख कामातल्या चुका दाखवल्या. नसलेल्या! ती मान हलवत ऐकत राहिली. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग मी गुपचूप माझा रिपोर्ट हलका केला. सर्व्हर सुतासारखा सरळ झाला, शेठनी माझी पाठ थोपटली. उज्ज्वलानं पुढं नोकरीच सोडली. हे काम आपल्याला येत नाही, असं सगळ्यांना सांगून गेली.

परवा डिंडोलीच्या भाजीबाजारात भेटली. घरी साड्यांना लेस लावते. सोबत मुलगी होती. "हे मामा," ती मुलीला म्हणाली, "मला काही येत नव्हतं, तरी जवळ बसून किती शिकवलं यांनी!"

पोरीचे डोळे चमकले. "मामा, मला पण कॉम्प्युटरचंच शिकायचंय."

उज्ज्वला हसली. "आपले जमत नही बाई ते."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी वळून भाजीवालीला मेथीचा भाव विचारला.