हाताला येतंय, तोंडाला न्हाई

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या घरी हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. फोन पुतण्याचा होता. "काकू, आई गेली," एवढंच तो बोलला आणि फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला. ताडकळसच्या बसमध्ये बसले तरी मला रडू आलं नाही. सारखं एकच मनात घोळत होतं, राजव्वाला कोण सांगणार? अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. राजव्वा त्यांची मैत्रीण, तिकडं करीमनगरकडच्या एका खेड्यातली. दोघींनी वर्षानुवर्षं एकमेकींना पत्रं लिहिली, आणि एकमेकींची भाषा बोलता मात्र दोघींनाही शेवटपर्यंत आली नाही.

त्यांची भेट हैदराबादच्या एका दवाखान्यात झाली होती. माझ्या थोरल्या दिरांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, राजव्वाच्या मालकांचंही तसंच काही. पेशंटच्या माणसांना राहायला मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड होती, तिथं दोघींच्या चटया शेजारी शेजारी. हिंदी दोघींनाही डॉक्टरला विचारण्यापुरतीच. अक्का स्टोव्हवर भाकरी थापायच्या, राजव्वा भात आणि चिंचेचं सार करायची. हळूहळू ताटं अदलाबदली व्हायला लागली. मीठ, पाणी, गरम, पुरे, असे चार शब्द इकडचे तिकडे गेले. बाकी सगळं हातवाऱ्यांनी. मग एके दिवशी सकाळी राजव्वाचे मालक गेले. अक्का तिच्यापाशी बसून राहिल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पण बोलणार काय? थोरले दीर बरे होऊन घरी आले, आम्ही सगळे आनंदात, आणि अक्का मात्र गप्प गप्प. मी विचारलं तर म्हणाल्या, "मीरा, तिचं एवढं आभाळ फाटलं, अन मला तिला एक शबुद बोलता आला न्हाई. आपल्या माणसाला बोलल्यासारकं एक शबुद."

तो शब्द पोचवायचा म्हणून अक्का तेलुगू शिकल्या. पूर्णेला रेल्वेत नोकरीला आलेली तेलुगू कुटुंबं पुष्कळ. त्यातल्या पार्वतम्मा नावाच्या बाईंची ओळख काढून अक्का आठवडी बाजाराचं निमित्त करून पूर्णेला जायच्या. सातवी शिकलेली शेतातली बाई, सुना-नातवंडांच्या घरातली, पाटीवर पुन्हा अ आ गिरवायला लागली. घरात थट्टा झाली. थोरले दीर म्हणायचे, आमची मंडळी आता जिलब्या पाडायलीय. अक्का हसायच्या आणि गिरवत राहायच्या. पहिलं पत्र लिहायला त्यांना पुढची दिवाळी उजाडली. त्यात काय होतं ते मला त्यांनीच सांगितलं होतं... "तुझा माणूस गेला तेव्हा मी होते. मला बोलायचं होतं. आता बोलते." बस्स.

उत्तर आलं ते मराठीत. राजव्वाला शाळेतल्या हिंदीमुळं आपली अक्षरं ओळखीची होती, आणि त्यांच्या गावात नांदेडकडून जाऊन राहिलेल्या एका शिंप्याच्या बायकोला विचारून विचारून तिनं ते लिहिलं होतं. मग तीच रीत पडली. अक्का तेलुगूत लिहायच्या, राजव्वा मराठीत. कष्ट लिहिणारीनं घ्यायचे, वाचणारीला आपल्या घरातलं ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे, असा काहीतरी करार दोघींनी न बोलताच केला होता. राजव्वाचं मराठी वाचताना आमची हसून पुरेवाट व्हायची. "माझा म्हैस वीला. पाऊस आली. सून चांगला आहे, बोलत नाही." अक्कांच्या चुका पार्वतम्मा सांगायच्या. एकदा त्यांना न दाखवताच गेलेल्या पत्रात म्हणे अक्कांनी म्हशीलाच अहोजाहो लिहिलं, म्हैसबाई आल्या आणि दूध देऊन गेल्या. राजव्वानं ते पत्र शेजारपाजारच्या बायकांना वाचून दाखवलं, आणि तिच्या घरी त्या म्हशीचा मान तेव्हापासून वाढला. पुढं मोबाईल आले तशी पत्रं टपालानं जायची थांबली. पण अक्का कागदावरच लिहायच्या आणि नातवाकडून फोटो काढून पाठवायच्या. मोबाईल आपोआप भाषांतर करून देतो असं तो म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "मग मी काय करू?"

राजव्वाच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा अक्कांच्या सोबतीला मी गेले होते. दवाखान्यानंतर दोघी पहिल्यांदाच भेटणार होत्या. मला वाटलं, आता काय गप्पांना ऊत येईल. राजव्वा दारात आली, दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि... काहीच नाही. अक्कांनी घोकून आणलेलं वाक्य अर्ध्यात अडकलं. राजव्वा "या, बसा" म्हणाली आणि लाजून हसली. मांडवात दोघी शेजारी बसल्या. थोड्या वेळानं पाहते तर राजव्वानं आहेर लिहिणाऱ्याकडून कागद आणि पेन मागून घेतलेलं, आणि दोघी एकमेकींना चिठ्ठ्या लिहायल्यात! सनई वाजतेय, पंगती उठतायत, आणि या दोघी खांद्याला खांदा लावून पत्रव्यवहार करतायत. एक लिहायची, दुसरी वाचून तोंडाला पदर लावायची. परतताना मी म्हणाले, "अक्का, एवढं लिहिता, मग बोलत का न्हाईत?" तर म्हणाल्या, "हाताला येतंय ते तोंडाला येत न्हाई गं. तोंड उघडलं की मराठीच निघतंय."

गेल्या पावसाळ्यात अक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात उचलेना. आठ-पंधरा दिवसांत डाव्या हातानं पेन धरून बसल्या. ती गोल गोल अक्षरं डाव्या हातानं काढायची म्हणजे... एका ओळीला सकाळ जायची. थंडी पडायला लागली तेव्हा मी भेटायला गेले, तीच आमची शेवटची भेट. त्यांची धडपड बघवेना. म्हणाले, मी लिहून देते मराठीत, राजव्वाला मराठी वाचता येतं की. त्यांनी मान हलवली. बोलणं जड झालं होतं, तरी एकेक शब्द लावत म्हणाल्या, "मराठीत गेलं तर... तिला वाटल, अक्का दमली."

म्हणून अक्कांचे दिवस झाल्यावर मी राजव्वाला मराठीत लिहायला बसले आणि पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पूर्णेला गेले. पार्वतम्मा आता थकल्यात, मुलाकडं असतात. बातमी ऐकून त्यांनी कागद-पेन मागितलं. मग त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या आणि मी त्या रांगोळीची नक्षी उतरवावी तशा कागदावर उतरवल्या. अक्का गेली. मी तिची धाकटी जाऊ, तुमच्या लेकीच्या लग्नाला आले होते. फोटो काढून पाठवला. कित्येक दिवस उत्तर नाही. मला वाटलं, संपलं.

मग एका दुपारी कागदाचा फोटो आला. "बहिण, वाचला. घरात कोणाला बोलला नाही, एकटा रडला. तुझा अक्षर लय वाकडा आहे. पण वाचला. तूर काढून झाला का? लिही."

ताडकळसच्या घरी माजघराच्या दारात उजेड चांगला येतो. अक्का लिहायला तिथंच बसायच्या, पाय लांब करून, पाट मांडीवर घेऊन, ओठांत अक्षर पुटपुटत. परवा मी तिथं बसले. तूर निघाली, एवढंच तेलुगूत लिहायचं होतं. अख्खी दुपार लागली.