उरलेल्या पिठाची चानकी

टेम्पो भरून झाला होता. गाद्या, शिलाई मशीन, गव्हाची कोठी आणि सगळ्यात वर उलटी बांधलेली माझ्या धाकट्या ओमची तीनचाकी सायकल. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तेवढ्यात माझ्या मोठ्या जाऊबाई घरातून लगबगीने आल्या. मी त्यांना ताई म्हणते. हातात लाकडी काटवट. भाकरी थापायची खोलगट परात असते ना, तीच, पण धाकटी. "ही राहू दे तुझ्याकडं," म्हणाल्या. मी हसून परत केली. म्हटलं, ताई, तिकडं ओटा आहे, उभ्याने स्वयंपाक करायचा, काटवट ठेवू कुठं? त्यांनी पदराने काटवट पुसली आणि काखेत धरून उभ्या राहिल्या. माझी पाच वर्षांची ईशू माझ्या मांडीवरून त्यांच्याकडे बघत होती. रडली नाही. मला वाटलं, बरं झालं, पोरगी समजूतदार आहे.

सायखेड्याहून नाशिक रोड. सांगितलं तर लोक हसतात. एसटीने तासाभराची वाट, आणि ही बाई गाव सोडल्याच्या आठवणी लिहायला बसली! माझी चुलत बहीण कॅनडात असते, तिने लिहिलं तर शोभेल. पण मी तिला एकदा विचारलं होतं, तिकडं गेल्यावर सगळ्यात आधी काय परकं वाटलं गं? मला वाटलं बर्फ म्हणेल. ती म्हणाली, शेगडी. जाळच दिसत नाही, पोळी फुगवायची कशी? तेव्हापासून मला लिहायचा धीर आला. तिचं आणि माझं दुखणं एकाच खोलीतलं आहे.

आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. चूल ताईंची, मळा माझा. दिवस उगवायच्या आत मी टोमॅटोच्या सरीत असायची, नाहीतर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत. घरी यायची तोवर पोरं जेवून उंडारायला गेलेली. ईशू जेवली का, एवढं विचारायची. "जेवली की," ताई म्हणायच्या. संपलं. खरं तर मी मूळची चौकशीखोर. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं माहेर, सासर, गुडघ्याचं दुखणं, सगळं मला दोन थांब्यांत कळतं. पण स्वतःच्या लेकीच्या पोटात काय आणि कसं जातं, याची चौकशी मी पाच वर्षांत कधी केली नव्हती.

माझी आई म्हणायची, "आपल्या हातानं मीठ घालशील, तवा घर तुझं." ते डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून हे कारखान्यात कायम झाले आणि नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट मिळाला, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. पहिल्या दिवशी सामान तसंच टाकून मी ओट्यावरून हात फिरवला. काळा, गुळगुळीत, थंडगार. माझ्या उंचीला बरोब्बर. पाट नको, उकिडवं बसणं नको, डोळ्यात धूर नको. त्या दिवशी वरणात मीठ मी घातलं, जरा जास्तच.

ओमचं काही म्हणणं नव्हतं. दीड वर्षाचा तो, भिंतीचा पोपडासुद्धा आवडीने खायचा. ईशू मात्र दोन घास खायची आणि ताट पुढे सरकवायची. हट्ट नाही, आदळआपट नाही. नुसतं, "झालं माझं." पहिला आठवडा मी म्हटलं, नवी जागा आहे. दुसऱ्या आठवड्यात नूडल्स केल्या, चीज घालून सँडविच केलं, मोबाइलवर बघून बीटाचे गुलाबी पराठे केले. ते आम्ही नवरा-बायकोने तीन दिवस खाल्ले. महिना होत आला तेव्हा शाळेच्या डायरीत बाईंनी लिहून पाठवलं की मुलगी डबा तसाच परत नेते, लक्ष द्यावे. फ्रॉकच्या मागच्या पट्ट्यांची गाठ मी रोज जरा आणखी आवळत होते, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मग मी तपासाला लागले. पहिला संशय पिठावर. दुकानातली बाजरी बंद केली, घरची मागवली. फरक नाही. दुसरा संशय तव्यावर. इथला नॉनस्टिक माळ्यावर टाकला आणि गावाहून जुना लोखंडी आणला. फरक नाही. मग ताईंना फोन केला. म्हटलं, ताई, खरं सांगा, तुम्ही भाकरीत काय घालता? त्यांना वाटलं, मी काही आळ घेतेय. "काय घालणार बाई? पीठ आन् पानी," म्हणाल्या.

पाणी! माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे म्हणतातच, आपल्या विहिरीच्या पाण्यात जशी डाळ शिजते तशी दुसरीकडे शिजत नाही. पुढच्या रविवारी हे वीस लिटरचा कॅन विहिरीच्या पाण्याने भरून एसटीने घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, तूप आहे का? पाणी म्हटल्यावर त्याने यांच्याकडे असं पाहिलं म्हणे, की हे सगळ्या वाटेभर खिडकीबाहेर बघत बसले. वर तीन मजले चढवताना मला काय काय बोलले ते लिहीत नाही. मी त्या पाण्यात पीठ मळलं, त्याच तव्यावर भाकरी टाकली, टम्म फुगली. ईशू पाणी ग्लासभर प्यायली, छान आहे म्हणाली आणि भाकरी पुढे सरकवली.

शेवटी मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. तिलाच विचारलं, का गं जेवत नाहीस? ती ताटाकडे बघून म्हणाली, "ही माझी नाही." बस, एवढंच. मला वाटलं तिला स्वतःचं वेगळं ताट पाहिजे. लगेच जाऊन फुलपाखरांचं, तीन खणांचं ताट आणलं. तिने तीनही खणांतलं थोडं थोडं चिवडलं.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. यांनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. "पोरगी वाळून चालली म्हणं. मी रविवारी येते आन् तिला घेऊन जाते. इथल्या शाळेत बसंल. तुझा जीव रमला ना तिकडं, तू ऱ्हा." शेवटचं वाक्य त्यांनी टोचून म्हटलं की साधंच, मला अजून ठरवता आलेलं नाही. मला राग आला. ज्या घरात मीठ माझं, तिथं माझंच पोर उपाशी, आणि ते सांभाळायला दुसरीने यायचं? पण राग ठेवायला तरी जागा पाहिजे. मी हो म्हटलं. शनिवारी ईशूचे सहा फ्रॉक घडी घालून पिशवीत भरले, आणि नळ सोडून ठेवून रडले, म्हणजे पोरांना ऐकू जाऊ नये.

रविवारी ताई आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. पोर उपाशीपोटी बसमध्ये बसवायचं नाही म्हणून पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी दारात उभी राहिले. मनातल्या मनात म्हटलं, बघूच, आता काय जादू करतात.

जादू कसली! ज्या ताई तीस माणसांच्या भाकऱ्या बोलता बोलता थापतात, त्यांची पहिली भाकरी ओट्यावर मोडली. दुसरी कडेने फाटली. खांदे वर उचलले गेलेले, हाताला जोर मिळेना. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. "तुझ्या वट्यावर मला काय भाकर होईना," म्हणाल्या, आणि परात उचलून सरळ फरशीवर बसल्या. एक पाय दुमडलेला, एक गुडघा वर. थाप थाप आवाज सुरू झाला. मी उभी राहून भाकरी तव्यावर टाकायला लागले.

ईशू बाहेरच्या खोलीत होती. आवाज ऐकून ती आत आली आणि कुणी न बोलावता ताईंच्या समोर, परातीच्या पलीकडे मांडी घालून बसली. दोन्ही हात फ्रॉकला पुसले. आणि वाट बघत राहिली. तीन भाकऱ्या झाल्या, चार झाल्या. ताईंनी परातीच्या कडांना चिकटलेलं पीठ बोटांनी गोळा केलं, त्याचा लिंबाएवढा गोळा केला आणि तिच्यासमोर ठेवला. ती तो थापायला लागली. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, पाची बोटांचे खळगे उमटलेले. उरलेल्या पिठाची अशी छोटी भाकरी पोरांना करून देतात, तिला आमच्याकडे चानकी म्हणतात. माझ्या लहानपणी आईसुद्धा द्यायची. मी विसरून गेले होते.

ती चानकी भाजून झाली आणि ईशूने दुधात कुस्करून सगळी खाल्ली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता मोठी भाकर दे." अख्खी खाल्ली, वांग्याच्या भाजीशी.

"ताई, हे रोज?" मी विचारलं.

"रोज. तिची चानकी झाल्याबिगर ती कुठं जेवते? तुला ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी टोमॅटोत असायची. आणि इथं आल्यावर माझा तो लाडका ओटा ईशूच्या डोक्यापेक्षा उंच. वर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. आईची पाठ दिसायची आणि मग एकदम ताट यायचं. शिवाय मी शहाणी, पीठ वाटीने मोजून घ्यायची. उरायचंच नाही काही.

जेवणं झाल्यावर ताई दिवाणाकडे गेल्या. पिशवी तिथंच होती. त्यांनी ती उचलली, जरा वेळ हातात धरली. ताईंची दोन्ही पोरं मोठी झाली, एक पुण्याला आणि एक दिवसभर मळ्यात. त्या पिशवीबरोबर त्यांच्या रिकाम्या घरात काय जाणार होतं, ते मला तेव्हा कळलं. ताई खाली बसल्या आणि एकेक फ्रॉक काढून कपाटात ठेवायला लागल्या. सहाच्या सहा. रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. "जेवती आता ती," एवढंच म्हणाल्या. मी थांब्यापर्यंत सोडायला गेले. बस आली तेव्हा पायरीवर पाय ठेवून म्हणाल्या, "माझं पीठ रोज उरतं गं. तुम्ही गेल्यापासून मी ते गाईला घालते."

आता माझ्या फ्लॅटमध्ये भात-वरण ओट्यावर होतं आणि भाकऱ्या खाली, एका बर्नरच्या शेगडीवर. शेजारच्या वहिनी म्हणतात, अहो, एवढा ग्रॅनाइटचा ओटा असून जमिनीवर? मी म्हणते, पोरांना दिसत नाही ना वरचं. ओमसुद्धा आता पिठात हात घालतो, थापत काही नाही, नुसतं खातो. मी पीठ वाटीने मोजत नाही. पाय दुखतात, तेही सांगते.

मग एका रविवारी गावी गेलो तेव्हा मी ताईंकडे ती धाकटी काटवट मागितली. म्हटलं, तेव्हा चुकलं माझं, द्या आता. ताईंनी मान हलवली. "नाय देणार. पोरगी इथं आली की तिला कशात देऊ?" मी मुकाट्याने बुधवारच्या बाजारातून नवी घेतली.

त्याच रविवारी गावी ईशूने ताईंच्या काटवटीत दोन चानक्या थापल्या. एक खाल्ली, दुसरी फडक्यात गुंडाळून ताईंच्या टोपलीत ठेवली. कुणासाठी, ते सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, घरी निघालो ना आपण? ती हो म्हणाली. सकाळी गावी जातानाही हेच विचारलं होतं, तेव्हाही हो म्हणाली होती. मी पुढे चौकशी केली नाही.

सोमवारी दुपारी ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "चानकी पार दगड झाली होती. दुधात भिजवून खाल्ली." मग म्हणाल्या, "आज गाईला काय नाय दिलं."